सौम्य झटक्यानंतर रात्रीची झोप उडाली तर: घरच्यांसाठी एकेक पायरी

झटका आला तेव्हा बाबा दाढी करत होते. डाव्या हातातला आरसा निसटला, जीभ जड झाली, ओठाचा कोपरा किंचित खाली आला. आम्ही तासाभरात हॉस्पिटलात पोहोचलो. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या बाजूला, खोलवर, छोटासा ठिपका दिसला. चौथ्या दिवशी घरी सोडलं. कागदावर लिहिलं होतं ‘मायनर स्ट्रोक’, म्हणजे मेंदूचा सौम्य झटका. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, थोडक्यात निभावलं.

निभावलं होतंच. चालत होते, बोलत होते, डाव्या हाताची पकड तेवढी कच्ची राहिली होती. गेली होती ती झोप. रात्री दोनला टक्क जाग यायची, त्यानंतर पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नसे. दिवसा मात्र पेपर वाचता वाचता मान खाली. फिजिओच्या व्यायामाला बसले की दहा मिनिटांत ‘आता पुरे’. आम्हाला वाटायचं, अशक्तपणा आहे, होईल हळूहळू बरं. यात दोन महिने गेले. ते दोन महिने वाया गेल्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

झटक्यानंतर सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त असतो. पुढेही सुधारणा होते, पण सावकाश. दिवसा व्यायामात हाताला जे शिकवलं जातं, ते मेंदू रात्रीच्या झोपेत पक्कं करतो. त्यामुळे झोप हा उपचाराचाच भाग आहे. ‘बाकी सगळं ठीक आहे, फक्त झोप येत नाही’ हे वाक्य डॉक्टरांकडून निघताना दारात उभं राहून सांगायचं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या आधी तेच सांगायचं.

आधी ओळखा: बिघडलंय नेमकं काय

‘झोप येत नाही’ या एका तक्रारीखाली निदान पाच-सहा वेगळी दुखणी दडलेली असतात, आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. कुणाला झोप लागतच नाही. कुणाला लागते, पण मधेच तुटते. कुणी दहा-बारा तास झोपूनही मरगळलेलं असतं; झोप-जागेपणाचं नियंत्रण करणाऱ्या थॅलॅमससारख्या भागाला धक्का बसला असेल तर हे जास्त दिसतं. कुणाचे पाय संध्याकाळपासून वळवळतात. कुणाच्या दुबळ्या खांद्यात कळा येतात. कुणाला झोपायचीच भीती वाटते. आणि बऱ्याच जणांचा झोपेत श्वास अडतो, ज्याचा त्यांना स्वतःला पत्ताही नसतो.

म्हणून पहिली पायरी गोळी नव्हे, वही. साधी शंभर पानी वही, दोन आठवड्यांसाठी. रोज सकाळी चहाच्या वेळी, रुग्णाला विचारून आणि स्वतः पाहिलेलं जमेस धरून, एवढं लिहा: अंथरुणावर कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कशामुळे (लघवी, दुखणं, घाबरणं, की उगाच), सकाळी कधी उठले, उठल्यावर डोकं जड होतं का, दिवसा कधी आणि किती वेळ झोपले, चहा-कॉफी कितीदा आणि शेवटची कधी, सकाळचं ब्लडप्रेशर किती. रात्री घड्याळ बघत बसायचं नाही, सगळ्या वेळा अंदाजेच लिहायच्या. मिनिटा-मिनिटाचा हिशोब ठेवायला गेलं की उरलेली झोपही उडते.

आमच्या वहीत नवव्या दिवशी दोन गोष्टी उघड्या पडल्या. सकाळचं ब्लडप्रेशर तीन गोळ्या चालू असूनही सतत वर होतं. आणि रात्रीत चार वेळा लघवीला उठणं होत होतं. आम्ही दोन्ही गोष्टी वयावर ढकलल्या होत्या.

घोरण्याकडे कान द्या

आमच्या घरात बाबांचं घोरणं हा गेली वीस वर्षं चेष्टेचा विषय होता. आई तर कधीच हॉलमध्ये झोपायला गेली होती. तिथेच खरी मेख होती.

झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो, माणूस मोठ्याने श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. स्ट्रोक झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांमध्ये झोपेतल्या श्वासाचा कुठला ना कुठला दोष सापडतो. बऱ्याचदा तो झटक्याच्या आधीपासूनच असतो आणि झटका येण्यात त्याचाही हात असतो, कारण रात्रभर हेलकावे खाणारा ऑक्सिजन ब्लडप्रेशर आणि हृदयाची लय बिघडवतो. रात्रीची लघवीही यानेच वाढते: बंद वाटेतून श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि शरीर जास्त लघवी तयार करू लागतं.

घरी करायचं ते असं. रुग्ण गाढ झोपल्यावर, शक्यतो पहाटे तीननंतर, अर्धा तास शेजारी बसा. घोरणं एकदम थांबून शांतता पसरते का, आणि मग घुसमटल्यासारखा, भुस्सकन श्वास येतो का, ते ऐका. ती शांतता किती सेकंदांची, ते मनात मोजा. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यात छाती आणि चेहरा दोन्ही दिसू द्या. मी मोजलेली सर्वांत लांब शांतता ३१ सेकंदांची होती. शेजारी बसून ती ऐकताना माझाच श्वास अडकला होता.

ज्यांनी रुग्णाला झोपेत पाहिलेलं नाही, त्यांनी निदान हे प्रश्न तपासावेत: मोठ्याने घोरतात का, दिवसा थकलेले असतात का, झोपेत श्वास थांबताना कुणी पाहिलाय का, ब्लडप्रेशर आहे का, वजन खूप जास्त आहे का, वय पन्नाशीच्या वर आहे का, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे का, पुरुष आहेत का. डॉक्टर वापरतात त्या स्टॉप-बँग प्रश्नावलीचे हे आठ प्रश्न. तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर तपासणीचा विषय काढा. मात्र स्ट्रोकच्या रुग्णांबाबत एक सावधगिरी बाळगा. त्यांच्यातले अनेक जण सडपातळ असतात आणि दिवसा पेंगतही नाहीत, तरी ॲप्निया असतो. ‘ते कुठे जाड आहेत’ म्हणून विषय सोडू नका.

तपासणी म्हणजे स्लीप स्टडी. छातीचे डॉक्टर, ईएनटी किंवा न्यूरोलॉजिस्ट ती सुचवतात. हॉस्पिटलात एक रात्र राहून होते किंवा छोटं यंत्र घरी आणूनही होते. रिपोर्टमध्ये तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, तो आकडा पाहायचा. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. बाबांचा ३८ होता.

उपाय बहुधा सीपॅप यंत्राचा असतो. हे ऑक्सिजनचं यंत्र नाही, हे नातेवाइकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ते साधी हवाच थोड्या दाबाने आत सोडतं, म्हणजे घसा मिटत नाही. स्वस्त नाही, म्हणून विकत घेण्याआधी महिनाभर भाड्याने मिळतंय का बघा. मास्क तोंडाला बसतोय की नाही, यावर सगळं अवलंबून असतं. एका हाताला जोर नसेल तर मास्कचा पट्टा एका हाताने लावता-काढता येतो का, हे दुकानातच करून पाहा. पहिला आठवडा दिवसा, टीव्ही बघताना अर्धा तास लावून सवय करा. नाक कोरडं पडत असेल तर पाण्याची टाकी असलेलं यंत्र मागा. मास्क रोज पुसा, आठवड्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्याने धुवा. लाइट जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरची सोय आधी करा.

यंत्राकडून किती अपेक्षा ठेवायची, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०१६ साली सेव्ह नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतासह सात देशांतले, हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेले २,७१७ रुग्ण तीत होते. सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झाल्याचं एकूण रुग्णांत दिसलं नाही; दिवसाची पेंग, घोरणं आणि मनःस्थिती मात्र सुधारली. पण त्यांचा वापर रात्री सरासरी ३.३ तासच होता. अर्धी रात्र लावलेल्या यंत्राकडून पूर्ण रात्रीचं काम होणार नाही, असं मला तरी वाटतं. आमचं ध्येय होतं रोज निदान चार तास. तिथवर पोहोचायला पाच आठवडे लागले.

औषधांची पिशवी उघडा

सगळ्या गोळ्या टेबलावर ओता आणि कागदावर तीन रकाने करा: नाव, कशासाठी, किती वाजता. आयुर्वेदिक चूर्णं, दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, शेजाऱ्यांनी दिलेलं काहीही, सगळं त्यात धरा. हा कागद घेऊन डॉक्टरांना विचारा:

- लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी तर नाही ना? ती सकाळी घेता येईल का?
- ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉल, वाईट स्वप्नं पडतात. तसं होत असेल तर दुसरी गोळी आहे का?
- नैराश्यावरची काही औषधं तरतरी आणतात. ती सकाळी घ्यायची का?
- फिट येऊ नये म्हणून दिलेल्या औषधाने दिवसा गुंगी येते आहे का?

विचारायचं, स्वतः बदलायचं नाही. रक्त पातळ ठेवणारी गोळी तर झोपेच्या किंवा पित्ताच्या कारणाने एक दिवसही परस्पर बंद करू नका.

आता झोपेच्या गोळीबद्दल. आमच्या एका हितचिंतकाने, अगदी मायेने, स्वतःच्या अल्प्राझोलामच्या पाकिटातल्या दोन गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्या रात्री बाबा बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले. डोक्याला खोक पडली. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला की बाहेरून किरकोळ दिसलं तरी आत रक्तस्राव असू शकतो, म्हणून रातोरात सीटी स्कॅन करावा लागला. स्कॅन चांगला आला. त्या रात्रीनंतर आमच्या घरात कुणाची गोळी कुणाला दिली जात नाही. या गटातल्या गोळ्यांनी तोल जातो, गोंधळ वाढतो आणि घशाचे स्नायू आणखी सैल पडून ॲप्निया बळावतो. दारूचंही तेच. ‘झोपेसाठी एक पेग’ पहिले दोन तास झोपवतो आणि उरलेली रात्र मोडतो. उलट बाजूही लक्षात ठेवा: अशी गोळी कुणी महिनोन् महिने घेत असेल तर एकदम थांबवू नका. फिट येण्याचा धोका असतो, ती डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

पाय वळवळण्याची, ओढ लागण्याची तक्रार असेल आणि पाय हलवले की बरं वाटत असेल, तर रक्तातलं फेरिटिन तपासायला सांगा. शरीरातला लोहाचा साठा कमी असणं हे त्याचं नेहमीचं कारण आहे, आणि ते दुरुस्त करता येतं.

रात्र सकाळी सुरू होते

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची असते. वेळ ठरवा, आमची साडेसहा होती, आणि रात्र कशीही गेली तरी त्याच वेळी उठवा. उठल्यावर तासाभरात वीस-तीस मिनिटं उजेडात बसवा: गच्ची, ओटा, अंगण, गॅलरी, जे असेल ते. शरीराच्या घड्याळाला चावी देणारी सर्वांत मोठी गोष्ट सकाळचा उजेड आहे. पडदे ओढलेल्या खोलीत ‘आराम’ करणारा रुग्ण रात्री जागतोच.

व्यायाम आणि फिजिओ दुपारच्या आत किंवा उशिरात उशिरा संध्याकाळी साडेपाच-सहापर्यंत. चहा दुपारी दोननंतर बंद. कॅफीनचा निम्मा भाग पाचेक तासांनंतरही अंगात असतो, त्यामुळे पाहुण्यांसोबत घेतलेला सहाचा चहा रात्री अकराला हजर असतो.

वामकुक्षी आपल्याकडे कुणी सोडणार नाही, आणि सोडायची गरजही नाही. मेंदू सावरत असताना दुपारची विश्रांती लागतेच. फक्त ती तीनच्या आत आणि अर्ध्या तासाच्या आत आटपावी. गजर लावा. पहिले दोन-तीन आठवडे यापेक्षा जास्त झोप लागली तर अडवू नका, पुढे मात्र हळूहळू कमी करत या.

अंथरूण, कूस आणि अंधारातली वाट

जमिनीवरची गादी आमच्याकडे तेव्हाच गुंडाळली गेली. खाली बसणं-उठणं दुबळ्या बाजूला झेपत नाही. पलंगाची उंची अशी हवी की कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकतील.

पाठीवर झोपल्याने ॲप्निया वाढतो, कुशीवर कमी होतो. चांगल्या कुशीवर झोपवताना समोर जाड उशी ठेवून दुबळा हात पूर्ण तिच्यावर टेकवा, लोंबकळू देऊ नका. दुबळ्या कुशीवर झोपायलाही हरकत नाही, फक्त खांदा अंगाखाली दबता कामा नये, तो थोडा पुढे घ्यावा. पाठीमागे लोड लावला की माणूस उताणा होत नाही. उठवताना कधीही दुबळ्या हाताला धरून ओढू नका. झटक्यानंतरचा खांदा सैल असतो, एका ओढीने महिनोन् महिने दुखतो, आणि दुखरा खांदा रात्री झोपू देत नाही.

बाथरूमपर्यंत रात्रीचा दिवा, पायपुसणी काढून टाकलेली, उंबऱ्याला पांढरी पट्टी, भिंतीला दांडी. पलंगाशेजारी युरिनल ठेवायला बाबा लाजत होते. पडल्यानंतर त्यांनी ते मान्य केलं. पाणी दिवसभर नीट प्यायला द्या, झोपण्याच्या आधीचे दोन तास तेवढं कमी करा. लघवीच्या भीतीने दिवसभर पाणी तोडणं झटक्याच्या रुग्णाला घातक आहे.

झोपेत हातवारे, लाथा, ओरडणं असा प्रकार दिसला तर आसपासच्या टोकदार वस्तू हलवा आणि न्यूरोलॉजिस्टना व्हिडिओ दाखवा.

रात्री दोन वाजता

जाग आली आणि साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर पलंगावर तळमळत पडू नये. पण तोल कच्चा असलेल्या माणसाला अंधारात घरभर फिरूही देऊ नये. पलंगाशेजारी हातवाली खुर्ची ठेवा. मंद दिवा, हळू आवाजात रेडिओ किंवा जप, मोबाइल नाही. डोळे जड झाले की परत आडवं. पलंग फक्त झोपेसाठी, टीव्ही-पेपर-जेवण बाहेर. झोपेचे तज्ज्ञ निद्रानाशावर हीच शिस्त आधी सांगतात, आणि ती तीन-चार आठवडे पाळल्यावर फळते. अंथरुणातला वेळ मुद्दाम कमी करण्याची पद्धत मात्र झटक्यानंतर स्वतःच्या मनाने करू नका. अपुऱ्या झोपेने फिट येऊ शकते.

बाबांच्या जागरणामागे आणखी एक गोष्ट होती. ती त्यांनी मला अडीच महिन्यांनी, अंधारात सांगितली. ‘झोपलो आणि झोपेतच पुन्हा आलं तर?’ या भीतीला ‘काही होत नाही हो’ म्हणून उडवू नका. रक्ताची गुठळी अडकून येणाऱ्या झटक्यांपैकी साधारण पाचातला एक झोपेतून उठल्यावर लक्षात येतो. भीती खरी आहे, तर तयारीही खरी हवी. आम्ही दिवसाउजेडी बसून ठरवलं: सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं हॉस्पिटल कोणतं, तिथला नंबर भिंतीवर, रुग्णवाहिकेसाठी १०८, फाइल आणि औषधांचा कागद दाराजवळच्या पिशवीत. रात्री झोपताना आणि मधे उठले तर तेव्हाही, ते ठीक असल्याची वेळ वहीत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून ‘शेवटचे ठीक कधी होते’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. वेळ माहीत नसेल तरी जायचंच. एमआरआयवरून ठरवता येतं, आणि निवडक रुग्णांत गुठळी नळीने काढणं चोवीस तासांपर्यंत शक्य असतं. ही यादी भिंतीला लागली त्या रात्री बाबा पाच तास झोपले.

मन आणि थकवा

झटक्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, मोठा झटका असो वा सौम्य. पहाटे तीन-चारला जाग, जेवणावरची वासना उडणं, नातवंडं आली तरी चेहरा न हलणं, ‘आता काय उपयोग’ अशी भाषा दोन आठवडे टिकली तर मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. लगेच जाणं जमत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

थकवा निराळा. झोप सुधारली तरी तो राहू शकतो, आणि बाहेरून दिसत नसल्याने घरचे त्याला आळस म्हणतात. तसं म्हणू नका. जड कामं सकाळी, प्रत्येक कामानंतर दहा मिनिटं टेकणं, एका दिवशी एकच मोठी गोष्ट: बँक किंवा लग्न, दोन्ही नाही. पेंग येत असेल तोवर दुचाकीची किल्ली बाजूला.

थांबायचं नाही, निघायचं

चेहरा वाकडा, हात-पाय लुळा, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, हाका मारूनही नीट जाग न येणं, फिट, डोक्यावर पडणं. यातलं काहीही रात्री तीनला झालं तरी सकाळची वाट बघू नका. ‘झोपू दे, दमलेत’ असं म्हणून कुणी थांबवलं तरी थांबू नका.

सांभाळणाऱ्याची झोप

आई पहिले तीन महिने बाबांच्या कूस बदलण्याच्या आवाजानेही जागी व्हायची. तिसऱ्या महिन्यात तिचंच ब्लडप्रेशर वाढलं, तेव्हा आमचे डोळे उघडले. मग रात्री वाटून घेतल्या. बाबांच्या उशाशी बिनतारी बेल ठेवली, म्हणजे जागं राहून कान लावून बसावं लागत नाही. बुधवारी आणि शनिवारी धाकटा भाऊ त्यांच्या खोलीत झोपतो. त्या दोन रात्री बेल त्याच्याजवळ, वही त्याच्याजवळ, आणि आई आतल्या खोलीत दार लावून झोपते.